रोजच्या स्पोर्ट्स कारला टर्बो की सुपरचार्जर: निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

टर्बो आणि सुपरचार्जर ही दोन्ही इंजिनात दाबाने जास्त हवा भरून ताकद वाढवणारी उपकरणं. या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. टर्बो लावू की सुपरचार्जर, असं विचारणारे बहुतेक जण किट आधीच पसंत करून बसलेले असतात. इतकी हॉर्सपॉवर वाढेल, हा आकडा मनात भरलेला असतो. मग त्या किटसाठी इंजिन, पेट्रोलचा पुरवठा, क्लच आणि रेडिएटर यांची जुळवाजुळव सुरू होते, आणि पैसा तिथेच मुरतो. क्रम उलटा हवा. तुमचा पाय दिवसभर इंजिनाकडे नेमकं काय मागतो ते आधी बघा. मग इंजिन किती सोसेल ते ठरवा, त्यानंतर बोनेटखालची जागा आणि उष्णता तपासा. एवढं झालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

हा लेख मुळात बूस्ट नसलेल्या पेट्रोल स्पोर्ट्स कारसाठी आहे, जी रोज कामावर जाते, सिग्नलला उभी राहते आणि सुट्टीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर पळते. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीचे निकष वेगळे असतात.

काहीही विकत घेण्याआधी एक काम उरका. असा बदल केलेली गाडी तुमच्याकडच्या नोंदणीच्या आणि प्रदूषणाच्या नियमांत बसते का, आणि विमा कंपनी तो मान्य करते का, हे लेखी घ्या.

## पायरी १: दोन आठवडे गाडीची नोंद ठेवा

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटला) लागणारा छोटा अडॅप्टर आणि फोन एवढ्यावर भागतं. गाडी नेहमीसारखी चालवा आणि चार गोष्टी नोंदवा: आरपीएम, थ्रॉटल किती उघडला, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान. नोंद चालू आहे म्हणून मुद्दाम गाडी ताणली, तर सगळी नोंद वाया गेली असं समजा.

नंतर थ्रॉटल ७० टक्क्यांच्या वर गेला तेवढेच क्षण वेगळे काढा. त्या वेळी इंजिन किती आरपीएमवर होतं? आपण गाडी सतत ६००० च्या पुढे पळवतो अशी बऱ्याच जणांची समजूत असते. नोंदीत मात्र २००० ते ४००० मधले ओव्हरटेकचे आणि चढाचे क्षणच जास्त निघतात. हे क्षण जिथे दाटलेले दिसतील, तिथे तुम्हाला बूस्ट हवाय.

मग दुसरी गोष्ट बघा: पाय असा दाबलेला एका वेळी किती सेकंद राहतो? दोन-तीन सेकंदांत काम उरकत असेल, तर बूस्ट किती लवकर मिळतो याला महत्त्व आहे. कमाल आकडा तुमच्या फारसा कामाचा नाही. आठ-दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर हवा थंड ठेवणं ही तुमची मुख्य अडचण होणार.

तपासा: एसी चालू ठेवून संथ ट्रॅफिकमध्ये कूलंटचं तापमान नेहमीपेक्षा वर सरकतंय का? सरकत असेल तर पुढच्या पायऱ्या थांबवा आणि रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट आधी ठीक करा. बूस्ट आल्यावर ही कमजोरी वाढतच जाणार आहे.

## पायरी २: इंजिनाची तब्येत

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो याची चाचणी) इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आणि बॅटरी पूर्ण चार्ज असताना करा. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. त्यानंतर लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं. गळती १० टक्क्यांपर्यंत असेल तर पुढे जा. २० टक्क्यांच्या आसपास गेली तर आधी इंजिन उघडायची तयारी ठेवा.

स्पार्क प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक कण दिसले, तर इंजिन आजच नॉक करतंय, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटतंय. चमकणारे कण बहुधा पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. अशा इंजिनावर बूस्ट चढवणं म्हणजे पिस्टन हमखास फोडणं.

फ्यूएल ट्रिम (गाडीचा संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती) साधारण अधिक-उणे ५ टक्क्यांत असावेत. १० च्या पुढे असतील तर कारण शोधा: हवेची गळती, मळलेला एअरफ्लो सेन्सर किंवा थकलेला पंप. क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासा. बूस्ट आल्यावर तो उलट्या दिशेने घट्ट बंद झाला नाही, तर दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं.

इशारा: "थोडं ऑइल खातं, पण चालतंय" अशा इंजिनाला टर्बोही नको आणि सुपरचार्जरही नको. जळणाऱ्या हवेत ऑइलची वाफ मिसळली की पेट्रोलची नॉक सोसण्याची ताकद कमी होते.

## पायरी ३: बूस्टची कमाल मर्यादा आधीच लिहून ठेवा

ही मर्यादा ठरते तीन गोष्टींवर: कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा), तुम्हाला दररोज हमखास मिळणारं पेट्रोल आणि कनेक्टिंग रॉड व गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतील.

कॉम्प्रेशन रेशोत गाडी-गाडीत केवढा फरक असतो ते बघा. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीतल्या १.६ लिटर इंजिनाचा रेशो ९.४ आहे. त्याच गाडीच्या चौथ्या पिढीतल्या दोन लिटर इंजिनाचा १३ आहे. टोयोटा जीटी ८६ आणि सुबारू बीआरझेडच्या दोन लिटर इंजिनाचा १२.५. पहिल्या इंजिनाला जो बूस्ट सहज पचतो, तो उरलेल्या दोघांना तसाच पचेल असं धरून चालू नका. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा बूस्टचा आकडा उचलून आपल्या गाडीला लावण्यात अर्थ नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे की मूळ पिस्टन आणि रॉड ठेवायचे असतील, तर रोजच्या गाडीत ०.५ बारच्या पुढे जाऊ नये. कॉम्प्रेशन रेशो ११ च्या वर असेल तर ०.३ ते ०.४ बारवरच समाधान मानावं. पेट्रोलचा विचार करताना एखाद्या पंपावर मिळणारं सर्वोत्तम धरू नका, नाइलाजाने भरावं लागणारं सर्वात साधं पेट्रोल धरा.

आता कागदावर अंदाज. समुद्रसपाटीला ०.५ बार बूस्ट म्हणजे हवेचा दाब साधारण दीडपट. १५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हा दाब दिला तर आकडेमोडीत २२५ येतात. हवा तापते, कॉम्प्रेसर फिरवायला ताकद जाते, इग्निशन थोडं मागे घ्यावं लागतं (ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते), त्यामुळे हाती साधारण २०० ते २१० उरतात. याच्या बरंच पुढचं वचन कोणी देत असेल, तर तो तुमचं इंजिन मर्यादेच्या बाहेर नेणार आहे.

रॉड वाकतात ते बहुधा कमी आरपीएमवर अचानक आलेल्या जबर टॉर्कने. २०० हॉर्सपॉवर ६५०० आरपीएमवर आली तर ती रॉडला सुसह्य असते. मात्र २५०० आरपीएमवरच टॉर्कचा डोंगर उभा केला, तर रॉड, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांनाही मार बसतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत तर कमी आरपीएम आणि जास्त लोड यांच्या जोडीने ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. चांगला ट्यूनर (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बसवणारा) तिथला बूस्ट मुद्दाम कापून ठेवतो.

## पायरी ४: पर्याय दोन नाहीत, तीन आहेत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "सुपरचार्जर म्हणजे लॅग नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. ते कोणत्या सुपरचार्जरबद्दल बोलतंय, हे कोणी सांगत नाही.

रूट्स किंवा ट्विन-स्क्रू सुपरचार्जर. दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो. पुली बेल्टने क्रँकला जोडलेली असल्यामुळे २००० आरपीएमवर पाय दाबला, तरी जवळजवळ पूर्ण बूस्ट तिथल्या तिथे मिळतो. गाडी मोठं इंजिन बसवल्यासारखी वागते. साध्या वेगात बायपास व्हॉल्व्ह हवा गोल फिरवत राहतो, त्यामुळे रोजच्या चालवण्यात पेट्रोलचा भुर्दंड थोडाच बसतो. याचा दोष उष्णता. विशेषतः रूट्स प्रकार हवा फार तापवतो, आणि इंजिनाच्या डोक्यावर बसवला तर खालून इंजिनही त्याला तापवतं.

सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर. दिसायला टर्बोसारखा, फिरतो मात्र बेल्टवर. याचा बूस्ट आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ७००० ला ०.६ बार मिळत असेल, तर ३५०० ला साधारण ०.१५ बार, अर्थात नावापुरता. पायरी १ मधले तुमचे क्षण २००० ते ४००० मध्ये दाटले असतील, तर हे किट तुम्हाला जवळजवळ काहीच देणार नाही. लॅग नको म्हणून हाच घेणारे पुढे सहा महिने कुरकुरत राहतात, कारण पाय दाबल्यावर गाडी पूर्वीसारखीच वाटते. याचा फायदा वेगळा आहे: खालचा टॉर्क वाढत नसल्यामुळे रॉड आणि गिअरबॉक्स सुखी राहतात, हवा तुलनेने कमी तापते आणि इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) पुढे बसवणं सोपं जातं. वरच्या आरपीएमवर जगणाऱ्या इंजिनाला तो शोभतो.

टर्बो. एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. वायू फुकट असला तरी टर्बाइन त्याच्या वाटेत उभं असतं, त्यामुळे मागचा दाब वाढतो आणि त्याची किंमत इंजिन मोजतं. टर्बोबद्दल बोलताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे ज्याच्या खाली पुरेसा वायूच नसतो तो आरपीएम, म्हणजे बूस्टचा उंबरठा. दुसरी म्हणजे उंबरठ्याच्या वर असतानाही पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा वेळ. लॅग म्हणतात तो हा. चौथ्या गिअरमध्ये १८०० वर पाय दाबून "केवढा लॅग आहे" म्हणणारा माणूस बहुधा उंबरठ्याबद्दल बोलत असतो. लहान टर्बोने उंबरठा खाली येतो. ट्यूनिंग करून मात्र तो फारसा हलत नाही.

टर्बोची मोठी जमेची बाजू म्हणजे बूस्ट हाताळता येतो. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्या मदतीने खालच्या आरपीएमवर कमी, मधे जास्त, पहिल्या दोन गिअरमध्ये वेगळा असा बूस्ट ठरवता येतो. पुलीवर चालणाऱ्या सुपरचार्जरला ही मोकळीक फार कमी असते. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांसाठी अजून एक मुद्दा: २००० मीटरवर हवेचा दाब साधारण ०.८ बार असतो. टर्बो जास्त वेगाने फिरून ही तूट बरीच भरून काढतो. सुपरचार्जर तसं करू शकत नाही.

ओल्या रस्त्याचाही विचार करा. मागच्या चाकांवर चालणारी, लहान आणि हलकी गाडी वळणाच्या मधोमध असताना टर्बोचा बूस्ट उसळून आला, तर मागचं टोक सुटतं. रूट्सचा टॉर्क पायाच्या हालचालीला सरळ उत्तर देतो. नवख्या चालकासाठी मी याला हॉर्सपॉवरपेक्षा जास्त वजन देईन.

## पायरी ५: जागा आणि उष्णता मोजा

पुठ्ठ्याचे तुकडे कापा, किटची मापं घ्या आणि बोनेट उघडून खरोखर धरून बघा. फोटोत बसलेलं किट तुमच्या गाडीत एसीच्या पाइपला अडू शकतं.

टर्बोसाठी बघायचं ते असं: टर्बोच्या गरम कवचाजवळून ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरिंग आणि स्टिअरिंगचा रॉड किती अंतरावरून जातात? जोरात चालवल्यावर टर्बाइनमधून जाणारा वायू ८०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत असतो. टर्बोचं ऑइल परत सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) नुसत्या उताराने जातं, त्यामुळे टर्बो सम्पमधल्या ऑइलच्या पातळीपेक्षा पुरेसा वर बसतोय का, हे आत्ताच बघा.

सुपरचार्जरसाठी बेल्टची वाट तपासा. छोट्या पुलीला बेल्ट किती वेढा घालतो? वेढा कमी असेल तर बेल्ट घसरणार. बोनेट बंद होतं का, आणि मूळ इनटेक मॅनिफोल्ड काढल्यावर सेन्सर कुठे जाणार?

उष्णतेचा हिशेब सोपा आहे आणि तो डोळे उघडतो. बाहेर २७ अंश आहेत आणि दाब दीडपट करायचाय. ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर हवा साधारण ८० अंशांवर नेतो. ५५ टक्क्यांचा रूट्स तिला ९४ च्या आसपास नेतो. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर पहिल्या हवेला ४३ अंशांवर आणतो आणि दुसरीला ४७ वर. इंटरकूलरशिवाय रोजच्या गाडीत बूस्ट नको, असं मी म्हणतो ते यामुळे.

इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे येतो आणि त्याची हवा अडवतो, म्हणून पायरी १ मधली कूलंटची नोंद परत काढून बघा. पाण्यावर चालणारा इंटरकूलर लावणार असाल, तर त्याचा पंप, वेगळा छोटा रेडिएटर आणि सर्वात उंच ठिकाणी हवा काढायची सोय, हे तिन्ही हवेतच.

## पायरी ६: आता निवडा

तुमचे पाय दाबल्याचे क्षण ४००० च्या खाली, दोन-तीन सेकंदांचे, आणि बोनेटखाली उंचीला जागा असेल तर रूट्स किंवा ट्विन-स्क्रू. गाडी रोज वापरायला सर्वात सोपी अशीच होते.

क्षण मध्यभागी, २५०० ते ५५०० मध्ये पसरलेले, ट्यूनर अनुभवी, आणि एक्झॉस्टच्या बाजूला मोकळी जागा असेल तर लहान टर्बो. त्यावर पेट्रोलही आटोक्यात राहतं आणि पुढेमागे बूस्ट बदलायचा झाला तर पुली बदलत बसावं लागत नाही.

इंजिन खरोखरच वर पळणारं असेल, तुम्ही त्याला तिथे रोज नेत असाल, आणि रॉड किंवा गिअरबॉक्स नाजूक म्हणून माहीत असतील तर सेंट्रिफ्युगल.

आणि पायरी २ किंवा पायरी ५ मध्ये गाडी नापास झाली असेल, तर तूर्त काहीच नाही. तेच पैसे टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि छोट्या फायनल ड्राइव्हवर (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं जास्त जोर देणारं प्रमाण) घाला. रोजच्या रस्त्यावर फरक लगेच जाणवेल.

## पायरी ७: आकार ठरवा

दोन लिटरचं इंजिन आणि ०.५ बार बूस्ट धरला, तर ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण साडेचार किलो हवा लागते आणि ६५०० ला पावणेदहाच्या आसपास. उत्पादकाच्या कॉम्प्रेसर मॅपवर (हवा, दाब आणि कार्यक्षमता दाखवणारा आलेख) दाबाच्या १.५ पट या रेषेवर हे दोन्ही बिंदू मांडा. डावीकडचा बिंदू सर्ज रेषेच्या (जिच्या डावीकडे हवा कॉम्प्रेसरमधून उलटी फिरायला लागते) उजवीकडे पडतोय का, आणि उजवीकडचा कार्यक्षमतेच्या बेटाबाहेर तर जात नाही ना, ते बघा. नुसता उजवा बिंदू बघून टर्बो घेतला, की तो मोठा निघतो. दोन आकारांमध्ये अडलात तर रोजच्या गाडीसाठी लहान घ्या.

सुपरचार्जरसाठी पुलीचं गणित. क्रँकची पुली १५० मिलिमीटर, सुपरचार्जरची ६५, म्हणजे प्रमाण २.३१. इंजिन ७००० ला असताना सुपरचार्जर १६,१५० च्या आसपास फिरेल. उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा याच्या वर हवी. सेंट्रिफ्युगलमध्ये आतल्या गिअरचं प्रमाणही गुणावं लागतं.

इशारा: नंतर छोटी पुली टाकून बूस्ट वाढवायचा मोह होतो. त्यासोबत सुपरचार्जरचा वेग, हवेची उष्णता आणि बेल्टवरचा ताण तिन्ही वाढतात, आणि जुना ट्यून त्याच क्षणी बाद होतो.

## पायरी ८: सुपरचार्जर किंवा टर्बोच्या आधीची कामं

पेट्रोलचा पुरवठा, सेन्सर, गेज आणि थंड ठेवण्याची व्यवस्था आधी बसवा आणि बूस्टशिवाय आठवडाभर गाडी चालवा. एकाच शनिवारी सगळं बसवलं आणि गाडी अडखळली, तर दोष इंजेक्टरचा, सेन्सरचा की टर्बोच्या पाइपचा, हे शोधण्यात महिना जातो.

इंजेक्टर: चार सिलिंडरमधून २०० हॉर्सपॉवर हवी असेल आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या पुढे उघडे राहू द्यायचे नसतील, तर प्रत्येकी मिनिटाला ३८० ते ४०० सीसीचे घ्या. मोठे इंजेक्टर बसवताच ट्यूनरकडून त्यांच्या मापाचा मूळ ट्यून भरून घ्या. त्याशिवाय गाडी नीट आयडलही होणार नाही.

पेट्रोलचा दाब: बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब वाढायला हवा, कारण इंजेक्टरला आता बूस्टच्या विरुद्ध पेट्रोल ढकलायचं असतं. परतीची नळी नसलेल्या बऱ्याच गाड्यांत दाब एका जागी स्थिर असतो, म्हणजे बूस्टमध्ये पुरवठा कमी पडतो. याची सोय ट्यूनरशी बोलून आधीच करा.

मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा): मूळ सेन्सर बहुधा १ बारच्या आसपासच वाचतो. ०.५ बार बूस्ट म्हणजे एकूण दीड बार, म्हणून किमान २ बारचा, शक्यतो अडीच किंवा ३ बारचा लावा. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर हवा. तो आधीच्याच जागी राहिला, तर ईसीयूला बाहेरच्या थंड हवेचं तापमान दिसत राहतं आणि इंजिन आत नॉक करत बसतं.

स्पार्क प्लग एका पायरीने थंड घ्या आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर आणा. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक दाखवणारा) आणि ऑइल प्रेशर गेज ऐच्छिक समजू नका. क्लच नव्या टॉर्कला पुरेल का, हे त्याच्या क्षमतेच्या आकड्यावरून ठरवा.

## पायरी ९: बसवताना

टर्बोमध्ये सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ऑइल परत नेणारी नळी. ती जाड हवी, सतत खालीच उतरत गेली पाहिजे आणि कुठेही झोळ पडता कामा नये. झोळ पडला की टर्बोमध्ये ऑइल साचतं. सिग्नलला मिनिटभर थांबून गाडी सोडली की मागून निळा धूर येतो, आणि लोक टर्बोचं सील गेलं म्हणून नवा टर्बो मागवतात. नवाही तसाच धूर काढतो. आधी नळी बघा. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल मोजून द्यावं लागतं, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेला रिस्ट्रिक्टर (ऑइलची वाट अरुंद करणारा तुकडा) विसरू नका. गॅस्केटवर सिलिकॉनचा लेप लावू नका, त्याचा तुकडा सुटून ऑइलची वाट बंद करतो.

गाडीत एअरफ्लो सेन्सर असेल तर ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (पाय सोडल्यावर अडकलेला बूस्ट सोडणारी झडप) हवा सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या इनटेकमध्येच परत सोडा. बाहेर सोडलीत तर मोजलेली हवा निघून जाते, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी बंद पडते.

सुपरचार्जरमध्ये पुल्या एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी लावून बघा. डोळ्यांवर विसंबू नका. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरकही बेल्टच्या कडा खातो. बायपास व्हॉल्व्हची व्हॅक्यूम नळी नेमक्या जागी जोडली गेली आहे याची खात्री करा. ती चुकली तर एक तर बूस्टच येत नाही, नाही तर सुपरचार्जर सतत ओझ्याखाली राहतो.

तपासा: इंजिन सुरू करण्याआधी इनटेकच्या तोंडाला झाकण लावून ०.७ बारपर्यंत हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा दिसला तर क्लॅम्प आवळा. हा तासाभराचा उद्योग डायनोवरचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) अर्धा दिवस वाचवतो.

## पायरी १०: पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

इंजेक्टर आणि इग्निशन बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर फिरवा. टर्बो असेल तर ऑइलच्या प्रवेशद्वारात आधी थोडं ऑइल घाला. मगच इंजिन सुरू करा. दहा मिनिटं आयडलला ठेवून गळती शोधा, थंड होऊ द्या, कूलंटची पातळी परत बघा.

ट्यून होईपर्यंत गाडी बूस्टमध्ये न्यायची नाही. ट्यूनरकडे सोपवायचीच असेल तर ट्रकवरून न्या.

डायनोवर सुरुवात सर्वात कमी बूस्टने करा. टर्बोत हा आकडा वेस्टगेटच्या स्प्रिंगवर ठरतो. बूस्ट कंट्रोलर त्याच्या वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही. म्हणून स्प्रिंग मर्यादेपेक्षा हलकी निवडा. पूर्ण लोडवर लँबडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) साधारण ०.८० ते ०.८५ दरम्यान असावा. ट्यूनरला सांगून ठेवा की डायनोवरचा शेवटचा तीन-चार टक्के आकडा नको, तेवढं इग्निशन मागे ठेवा. उन्हात अडकलेल्या, एसी चालू असलेल्या गाडीला ती सवलत लागतेच. हवेचं तापमान ५० अंशांच्या पुढे गेल्यावर इग्निशन आपोआप मागे येतंय का, हे त्याला तुमच्या समोर दाखवायला लावा.

## पहिले १००० किलोमीटर

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प आणि एक्झॉस्टचे नट थंड इंजिनावर परत आवळा. ५०० ला ऑइल बदला आणि जुनं ऑइल पांढऱ्या कपड्यावर गाळून चमक दिसते का बघा. ऑइल बदलण्याचं अंतर यापुढे निम्मं धरा.

सुपरचार्जरचा बूस्ट वरच्या आरपीएमवर घसरतोय का याकडे लक्ष ठेवा. ५५०० ला ०.४५ दाखवणारं गेज ६५०० ला ०.३५ वर आलं आणि पुलीच्या खाचांत काळी भुकटी दिसली, तर बेल्ट घसरतोय. टेन्शनर आवळण्याआधी वेढा आणि रेष तपासा. नुसता ताण वाढवला तर वॉटर पंपचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग जातं.

टर्बोत उलट दिशेची चूक शोधा. ठरवलेला बूस्ट येऊन मग तो आरपीएमसोबत हळूहळू वर चढत असेल, तर वेस्टगेटमधून पुरेसा वायू जात नाही. हे ट्यूनिंगने झाकता येत नाही, वेस्टगेटचा मार्ग मोठा करावा लागतो. तोवर पाय अर्ध्यावर ठेवा. रोज घरी पोहोचण्याआधीची शेवटची दोन-तीन मिनिटं गाडी सावकाश चालवा, म्हणजे टर्बो थंड झाल्यावरच इंजिन बंद होईल.

१००० किलोमीटरला स्पार्क प्लग परत भिंगाखाली धरा, कॉम्प्रेशनचे आकडे परत घ्या आणि पायरी २ च्या कागदाशेजारी लिहा. एखादा सिलिंडर ५ टक्क्यांहून जास्त खाली आला असेल, तर बूस्ट तिथेच थांबवून कारण शोधा.